द्राक्षाचा रिपोर्ट आहे, मातीचा कुठंय?

दिवाळीच्या सुट्टीत काकांनी एक साधा प्रश्न विचारला आणि माझी दांडी गुल झाली.

"तू केमिस्ट्रीत एमएस्सी करतेस ना? मंग सांग बरं, आपल्या रानात औषध किती उरलंय?"

आमच्याकडे कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. फवारायचं ते औषध, धुरळायचं ते औषध, तण मारायचं तेही औषधच. देवळाली कॅम्पातून बाहेर पडून संसरी, नानेगाव, शेवगे दारणा या बाजूला कुठंही जा, दारणेच्या काठानं ऊस, भाजीपाला, मध्येच एखादी द्राक्षबाग आणि प्रत्येक बांधावर औषधाचे रिकामे डबे दिसणारच. आमचं रानही त्याच पट्ट्यात आहे.

काकांनी प्रश्न उगाच विचारला नव्हता. जुनी द्राक्षबाग काढून त्या अर्ध्या एकरात त्यांना भाजी लावायची होती, 'रेसिड्यू फ्री' म्हणून. गिऱ्हाईकही तयार होतं. कॅम्पातले बंगलेवाले, सॅनेटोरियमला हवापालटासाठी येणारे मुंबईकर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, भाज्यांची यादी झाली, काकडी आणि भोपळ्याचं बी आणायचंही ठरलं. मग ग्रुपवर एका बाईंनी विचारलं, "तुम्ही आता फवारणार नाही, हे ठीक. पण आधी इतकी वर्षं फवारलंय, त्याचं काय? जमीन स्वच्छ आहे का?"

काकांनी कपाटातून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं. त्यात मागच्या सीझनपर्यंतचे द्राक्षांचे रिपोर्ट होते. शंभराहून जास्त रसायनांची नावं, प्रत्येकापुढे आकडा. द्राक्षाची अख्खी कुंडली. मातीचं म्हणून एक माती आरोग्य पत्रिका निघाली. तिच्यात नत्र होतं, स्फुरद होतं, पालाश होतं. औषधाचा रकानाच नव्हता.

माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. जे फळ चार महिन्यांत विकून मोकळं व्हायचं, त्याचा हिशेब आपण मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत ठेवतो. जी माती पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडेच राहणार आहे, तिचा हिशेब मात्र कुणी मागत नाही. आणि मागत नाही म्हणून कुणी करतही नाही.

मोजायला आपण कधी शिकलो?

नाशिकच्या पोरांना द्राक्षाची गोष्ट माहीत असते, पण बहुतेकांना अर्धीच. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि एकच गोंधळ उडाला. तोपर्यंत आपला भर होता तो मण्याचा आकार, रंग आणि गोडीवर. त्या दणक्यानंतर पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. २००६ मध्ये अपेडानं 'ग्रेपनेट' सुरू केलं. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी करायची, काढणीआधी नमुना घ्यायचा, तपासणीत पास झाला तरच माल पुढे. आज नाशिकचा शेतकरी 'एमआरएल', 'पीएचआय' हे शब्द चहा पिता पिता वापरतो, ती या सगळ्याची देणगी.

पण २०१० मध्ये पुन्हा ठेच लागली. या वेळी नाव होतं क्लोरमेक्वाट क्लोराइड, शेतकऱ्यांच्या भाषेत सीसीसी. हे कीटकनाशक नाहीच. खरड छाटणीनंतर फुटींची वाढ आवरायला वापरतात ते वाढ-नियंत्रक आहे. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. द्राक्षं इथल्या तपासणीतून पास होऊन गेली होती आणि तिकडच्या तपासणीत अडकली. कारण इथं ज्या रसायनांची यादी तपासली जात होती, तिच्यात हे नावच नव्हतं. कंटेनर अडकले, भाव पडले, आणि फटका बसला तो यादी न बनवणाऱ्या बागायतदाराला.

त्या वर्षाचा धडा मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रयोगशाळेला तेच सापडतं जे ती शोधते. सीसीसी तर असं की इतर शेकडो औषधं ज्या पद्धतीनं एका फटक्यात पकडता येतात, त्या पद्धतीत ते हाताला लागत नाही. ते पाण्यात जास्तच रमणारं आहे, त्याला वेगळी पद्धत लागते. ग्लायफोसेट या तणनाशकाचंही तसंच. म्हणजे 'सगळं तपासलं' असं वाक्य केमिस्ट्रीत नसतं. 'हे हे तपासलं' एवढंच असतं.

आता हाच धडा मातीला लावा. द्राक्षाची निदान यादी अपुरी होती. मातीची यादीच नाही.

पत्रिकेत बारा रकाने

माती आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. योजना चांगली आहे, तिची चेष्टा करायची नाही. पण ती एकच प्रश्न विचारते: मातीत काय कमी आहे? जास्त काय झालंय, हे ती विचारत नाही.

तांब्याचंच बघा. द्राक्षाला डाऊनी आली की बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना. हा उपाय १८८० च्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून आला आणि सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतो. पण तांबं हे मूलद्रव्य आहे. त्याचं विघटन होत नाही, ते मातीत साठत जातं. जुन्या द्राक्षबागांच्या मातीत तांबं वाढणं ही जगभर आढळलेली गोष्ट आहे. आमच्या पत्रिकेत तांब्यापुढे लिहिलं होतं, 'पुरेसं'. पुरेसं म्हणजे पिकाला कमी पडत नाही एवढंच. गांडुळाला ते जास्त होतंय का, हे त्या शब्दावरून कळत नाही.

आणि हे निदान रकान्यात असलेलं. डीडीटी शेतीत वापरायला १९८९ मध्ये बंदी आली. बीएचसी पावडर १९९७ मध्ये बंद झाली. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, गोणपाटाच्या पिशवीत पावडर भरायची आणि पिकावर झटकत जायचं. वास यायचा दिवसभर. तोंडाला पदर बांधला की झालं." डीडीटी मातीत निम्मं व्हायला दोन ते पंधरा वर्षं लागतात, असं अभ्यास सांगतात. निम्मं झालेलंही सगळं संपत नाही. त्याचं बरंचसं डीडीई होतं, आणि डीडीई आणखी चिवट. आजीनं तरुणपणी झटकलेल्या पावडरीचा हिशेब तिच्या नातीच्या पिढीपर्यंत लांबतो, तो असा.

मी केलेला माठपणा

तर काकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं म्हणून मी जोशात कामाला लागले. रानात गेले, खुरप्यानं चार ठिकाणची माती काढली, कॅरीबॅगमध्ये भरली, गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात वाळवली आणि एका खासगी प्रयोगशाळेत घेऊन गेले. काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, "नमुना कसा घेतला?" मी अभिमानानं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "आम्ही आकडा देऊ शकतो. पण तो तुमच्या रानाचा नसेल."

का, ते नीट समजून घ्या, कारण ही चूक तुमच्यातले निम्मे करणार आहेत. काही औषधं उन्हानं तुटतात, काही उष्णतेनं उडून जातात. नत्र-स्फुरदाच्या तपासणीसाठी माती वाळवून नेतात, अंश शोधायचे तर तसं चालत नाही. प्लॅस्टिकची पिशवी काही रसायनं स्वतः शोषते आणि स्वतःतली काही मातीला देते. चार ठिकाणं म्हणजे काहीच नाही. एकाच रानात औषध सारखं पसरलेलं नसतं. विहिरीजवळ जिथं पंप भरतात, औषध कालवतात, डबे विसळतात, तिथली मूठभर माती अख्ख्या रानाचा आकडा बिघडवू शकते.

दुसऱ्यांदा नियमानं गेले. पीक-जमीन सारखी असलेला एकच तुकडा धरला. नागमोडी चालत बारा ठिकाणं. बांध, खताचा ढीग आणि पंप भरायची जागा सोडून. प्रत्येक ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला सारून अर्धा फूट खोल. सगळी माती धुतलेल्या स्टीलच्या पातेल्यात एकत्र केली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले पुन्हा मिसळले, असं करत अर्ध्या किलोवर आणलं. गडद काचेच्या बरणीत भरलं, वर तारीख, गट, खोली, मागची फवारणी असं सगळं लिहिलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं आणि त्याच दिवशी पोचवलं. पंप भरायच्या जागेची वेगळी बरणी केली.

एवढं करून आत मशीनमध्ये जातं ते काय, तर दहा ग्रॅम. म्हणून नमुना चुकला की कोट्यवधीचं मशीनसुद्धा अचूक चूक सांगतं.

दोन चमचे साखर

पुढचा भाग आपल्यासारख्या केमिस्ट्रीवाल्यांच्या आवडीचा, पण आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनीही वाचा, अवघड नाही.

माती आधी चाळून खडे-मुळ्या काढतात. दहा ग्रॅम मातीत थोडं पाणी घालून ती भिजवतात, मग अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावक घालून जोरात हलवतात. मातीच्या कणांना चिकटलेलं औषध द्रावकात उतरतं. मग मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ टाकतात, म्हणजे पाणी वेगळं होतं आणि औषध वरच्या थरात जातं. यंत्रात गरागरा फिरवून गाळ खाली बसवतात, वरचा थर घेऊन त्यातला मातीचा रंग आणि इतर कचरा काढतात. या पद्धतीला 'कॅचर्स' म्हणतात. अनास्टासिएडिस आणि लेहोटे या शास्त्रज्ञांनी ती २००३ मध्ये फळं-भाज्यांसाठी मांडली, नंतर ती मातीसाठीही जुळवून घेतली गेली. जुन्या पद्धतींत लिटरभर द्रावक आणि दिवस जायचा. इथं दहा मिलिलिटर आणि तासाभराच्या आत काम.

मग तो अर्क मशीनमध्ये जातो. उडून जाणाऱ्या रसायनांसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी, बाकीच्यांसाठी लिक्विड क्रोमॅटोग्राफी. दोन्हींच्या शेपटाला मास स्पेक्ट्रोमीटर. क्रोमॅटोग्राफी रेणूंना रांगेत उभं करते, स्पेक्ट्रोमीटर प्रत्येकाला फोडून त्याचे तुकडे ओळखतो. कॉलेजच्या यूव्ही स्पेक्ट्रोवर हे जमत नाही, तेव्हा ते स्वप्न आत्ताच सोडा.

किती बारीक मोजतात? फळ-भाजीत ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथं युरोप किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतो. म्हणजे दहा टनी दहा ट्रक भरून द्राक्षं आणि त्यात एक ग्रॅम. आता मातीचं गणित करा. एका एकराची वरची अर्धा फूट माती साधारण नऊशे टन भरते. त्यात किलोला ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे अख्ख्या एकरात नऊ ग्रॅम. दोन चमचे साखर एकरभर विस्कटून टाकली, अर्धा फूट मिसळली आणि कुणीतरी एका मुठीवरून सांगितलं, की इथं साखर आहे आणि इतकी आहे. ही मला तरी जादू वाटते.

जादूवर विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून प्रयोगशाळा स्वतःचीच परीक्षा घेते. औषध अजिबात नसलेली माती घ्यायची, तिच्यात मोजून औषध घालायचं आणि मग ते किती परत सापडतं ते बघायचं. घातलेल्या शंभरातले सत्तर ते एकशे वीसच्या दरम्यान सापडले तर पद्धत चालते असं मानतात. आपल्या काळ्या मातीत चिकणमाती भरपूर, ती औषध घट्ट धरून ठेवते. म्हणून वाळूवर बसवलेली पद्धत काळ्या रानाला तशीच लावली तर उत्तर कमी येऊ शकतं. रिपोर्ट हातात आला की हा प्रश्न विचारायचा असतो: तुमची पद्धत माझ्यासारख्या मातीवर तपासलीय का?

'एनडी' म्हणजे शून्य नाही

आमचा रिपोर्ट आला. रानाच्या बरणीत जवळपास सगळीकडे 'एनडी', म्हणजे सापडलं नाही. काका खूश. मोबाइल काढून फोटो घेतला, ग्रुपवर टाकायला. मी म्हटलं, "काका, थांबा जरा."

एनडी म्हणजे नाही, असं नसतं. या पद्धतीनं, या मर्यादेपर्यंत, या यादीतलं दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. एका प्रयोगशाळेची नजर ०.०१ पर्यंत जाते, दुसरीची ०.०५ वरच थांबते. त्याच मातीला पहिली आकडा देईल आणि दुसरी एनडी. मग ज्याला स्वच्छ रिपोर्ट हवा, त्यानं कमी नजरेची प्रयोगशाळा शोधायची! म्हणून ज्या रिपोर्टवर मोजमापाची खालची मर्यादा लिहिलेली नाही, त्यावरचा एनडी हा शब्द मी तरी वाचणार नाही.

एका ओळीत मात्र आकडा होता. डीडीई. अगदी छोटा, पण होता. मूळ डीडीटी सापडलं नव्हतं. यातून एक गोष्ट कळते. डीडीटी जास्त आणि डीडीई कमी असेल तर फवारणी अलीकडची असल्याचा संशय घ्यायचा. उलटं असेल तर जुनी. म्हणजे आमच्या रानात कुणी चोरून काही केलेलं नव्हतं, ती आजीच्या पिशवीतली पावडर होती. पंप भरायच्या जागेच्या बरणीत मात्र अलीकडच्या तीन-चार औषधांचे आकडे होते आणि ते चांगले ठसठशीत होते.

आजी हे ऐकून गप्प बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं गं." तिला दोष द्यायचा कुणाच्याच मनात नव्हता. ती पावडर तेव्हा आधुनिक शेतीची खूण होती. पण आपल्याला पुढे असं म्हणता येणार नाही. आपल्याला सांगितलंय, आणि मोजायची सोयही आहे.

तीन आक्षेप

हे सगळं मी मित्रमंडळींत बोलले, तर तीन आक्षेप आले. तिन्ही खरे आहेत.

पहिला, खर्च. साध्या माती तपासणीचे पैसे किरकोळ, शेकडो औषधांच्या तपासणीला काही हजार लागतात. अर्ध्या एकराच्या माणसानं ते का घालावेत? माझं उत्तर: प्रत्येकानं घालूच नयेत. एका गावात एकाच तऱ्हेची जमीन आणि पीक असलेली रानं एकत्र धरून गावाचे मोजके नमुने करता येतात. दर सीझनला नाही, काही वर्षांतून एकदा पुरे. माती द्राक्षासारखी दर आठवड्याला बदलत नाही.

दुसरा, आकडा कळून करणार काय? माती धुऊन तर काढता येत नाही. बरोबर. पण पीक निवडता येतं. भोपळावर्गातली काही पिकं जुनं डीडीई आणि डिल्ड्रिन मातीतून इतरांपेक्षा जास्त उचलतात, हे प्रयोगांत दिसलंय. आमच्या यादीत नेमके भोपळा आणि काकडी होते. काकांनी त्या तुकड्यात या वर्षी ते लावले नाहीत, टोमॅटो आणि मेथी लावली. शेणखत-कंपोस्ट वाढवलं, कारण सेंद्रिय कर्ब अशा अंशांना बांधून ठेवतो आणि विघटन करणाऱ्या जिवाणूंना खाऊ देतो. पंप भरायची जागा विहिरीपासून लांब नेली. रिपोर्ट नसता तर यातलं एकही झालं नसतं. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी जमिनीला रूपांतराचा काळ द्यावा लागतो, हंगामी पिकाला दोन वर्षं, द्राक्षासारख्याला तीन. चांगला नियम आहे, पण तो कॅलेंडरवर चालतो. डीडीईला कॅलेंडर कळत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात टोकदार: नाशिकचं नाव खराब होईल. मातीत औषध सापडलं अशी बातमी आली की व्यापारी भाव पाडणार आणि मरणार शेतकरी. ही भीती खोटी नाही. म्हणूनच गट नंबरासह आकडे चव्हाट्यावर टाका, असं मी म्हणत नाही. शेतकऱ्याला त्याचा आकडा, गावाला गावाचा सरासरी चेहरा, एवढं पुरे. पण न मोजता नाव राखता येतं, हा भ्रम २०१० मध्ये फुटलाय. दुसऱ्यानं मोजून आपल्याला सांगितलं, की भाव त्याच्या हातात जातो. आणि ज्या युरोपच्या नजरेला आपण घाबरतो, त्यानं स्वतःचं काय केलं ते बघा. २०१९ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी अकरा देशांतल्या शेतजमिनीचे ३१७ नमुने तपासून निकाल छापले. ८३ टक्के नमुन्यांत किमान एक अंश सापडला, निम्म्याहून जास्त नमुन्यांत एकापेक्षा अधिक. त्यात डीडीटीच्या कुळातले अंशही होते, बंदीला कैक वर्षं उलटून गेल्यावर. त्यांची शेती बुडाली नाही. निदान बोलायला आकडे मिळाले.

आपण काय करायचं?

मला वाटतं, इथं कॉलेजची पोरं कामाची आहेत. मशीन आपल्याकडे नाही, पण नमुना घ्यायला मशीन लागत नाही. शिस्त लागते, पाय लागतात आणि गावात ओळख लागते. ती आपल्याकडे आहे. सध्या आपले फील्ड प्रोजेक्ट कसे होतात, खरं सांगा. मागच्या बॅचची फाइल, नवीन कव्हर, दारणेच्या पाण्याचा पीएच सात पूर्णांक काहीतरी, आभार, समाप्त. त्यापेक्षा प्रत्येक विभागानं एक गाव घ्यावं. केमिस्ट्रीवाल्यांनी नमुने घ्यावेत, भूगोलवाल्यांनी नकाशा करावा, मराठीवाल्यांनी आजीसारख्या माणसांकडून कुठल्या रानात कधी काय मारलं याची तोंडी नोंद घ्यावी. ही शेवटची नोंद सगळ्यात मोलाची, कारण प्रयोगशाळेला काय शोधायचं ते तीच सांगते. मोजकी तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत व्हावी आणि तिचा खर्च कॉलेज, ग्रामपंचायत आणि कृषी विभाग यांनी वाटून घ्यावा.

सरकारकडे माझी मागणी लहान आहे. माती आरोग्य पत्रिकेत तेरावा रकाना. सगळ्यांसाठी नको, जिथं वर्षानुवर्षं जास्त फवारणीची पिकं आहेत तिथं: द्राक्ष, टोमॅटो, कापूस, भाजीपाला. आणि त्या रकान्यात नुसतं 'एनडी' नको, किती खोल बघून एनडी, तेही लिहा.

एक गोष्ट राहिली. द्राक्षाचे अंश आपण कुणासाठी मोजतो? खाणाऱ्यासाठी. चांगलं आहे. पण त्याच रानात अनवाणी खुरपणी करणारी बाई, पंप पाठीवर घेणारा माणूस, बांधावर खेळणारं पोर हे ते द्राक्ष कदाचित खातही नाहीत. त्यांचा संबंध मातीशी आहे. मातीचा रिपोर्ट हा त्यांचा रिपोर्ट आहे, आणि तो मागणारा परदेशी गिऱ्हाईक कुणी नाही. तो आपणच मागायचा आहे.

काकांनी शेवटी ग्रुपवर रिपोर्टचे दोन्ही फोटो टाकले, डीडीईच्या ओळीसकट. खाली लिहिलं, "फवारणी बंद केली आहे. जुनं थोडं शिल्लक आहे. दोन वर्षांनी पुन्हा तपासू." सातआठ जण ग्रुपमधून बाहेर पडले. ज्या बाईंनी प्रश्न विचारला होता, त्या थांबल्या. दर गुरुवारी त्यांच्या बंगल्यावर मेथीच्या चार जुड्या जातात.